पांढऱ्या वाळूचा जमाखर्च

उष्ण कटिबंधातील एखाद्या निर्जन बेटाचा किनारा म्हटला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दिनदर्शिकेवरचे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरीशुभ्र वाळू, पाण्याकडे कललेले दोन-चार माड आणि समोर निळ्या-हिरव्या काचेसारखा समुद्र. हे चित्र खोटे नसते. असे किनारे खरोखरच आहेत आणि त्यांतले काही आपल्याच देशात आहेत. पण चित्र पाहून मनात येणारे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ही वाळू पांढरी का? आसपास शेकडो किलोमीटर डोंगर नाही, नदी नाही. मग ती आली कुठून? चहूकडे खारे पाणी असताना माडांना आणि माणसांना गोडे पाणी कसे मिळते? आणि एवढासा वाळूचा ढीग पावसाळी अरबी समुद्राच्या लाटांपुढे टिकतो तरी कसा?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही लक्षद्वीपमधले बंगाराम हे बेट निवडले आहे. कोचीहून पश्चिमेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर अगत्ती हे बेट लागते. तेथे १९८८ पासून धावपट्टी आहे. अगत्तीहून बोटीने थोडे ईशान्येला गेले, की बंगाराम येते. पर्यटकांसाठीची सोय आणि तिथे काम करणारी मोजकी माणसे सोडली, तर या बेटावर वस्ती अशी नाही. जायचे तर आधी प्रशासनाचा परवाना काढावा लागतो. शाळेची सहल नेण्याजोगे हे ठिकाण नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु भूगोल, रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकाच किनाऱ्यावर शिकवता येतील अशी जागा दुसरी सापडणे कठीण. म्हणून ही सहल आपण कागदावर काढू.

मूठभर वाळू

किनाऱ्यावर उतरल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे मूठभर वाळू उचलून भिंगाखाली धरायची. आपल्या परिचयाच्या वाळूशी तिची तुलना केली, तर फरक लगेच लक्षात येतो. महाराष्ट्रातल्या नदीची वाळू काळसर असते, कारण ती बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा चुरा असते. कोकणच्या किनाऱ्यावर क्वार्ट्झचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले असतात. रत्नागिरीच्या परिसरात तर लोह व टायटॅनियम यांचे ऑक्साइड असलेल्या इल्मेनाइट या खनिजामुळे काही पुळणी काळ्या दिसतात. म्हणजे आपली वाळू बव्हंशी खडकाची लेक आहे. डोंगर झिजतो, नदी वाहून आणते, समुद्र ती पसरवतो.

बंगारामच्या वाळूत मात्र खडकाचा कण सापडत नाही. भिंगातून दिसतात ते प्रवाळाचे झिजलेले तुकडे, शंख-शिंपल्यांच्या कपच्या, समुद्री साळूच्या काट्यांचे तुकडे, काही शैवालांच्या चुनखडीयुक्त पापुद्र्यांचे अवशेष आणि फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची इवलीशी कवचे. यातला प्रत्येक कण कधीतरी एखाद्या सजीवाच्या शरीराचा भाग होता. हा सारा माल एकाच रसायनाचा, कॅल्शियम कार्बोनेटचा, बनलेला आहे. अंड्याचे कवचही याच जातीचे. या वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसून वर येतात. नदीच्या वाळूवर टाकले तर काहीच होत नाही.

वाळू पांढरी दिसते ती यामुळेच. कॅल्शियम कार्बोनेट दृश्य प्रकाशातील कोणताही एक रंग विशेषकरून शोषून घेत नाही. आलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो. म्हणून भर दुपारीही या वाळूवर पाय फारसे पोळत नाहीत, पण डोळे मात्र दिपतात.

किनाऱ्यावर चालताना भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मध्येच कठीण, सपाट फरश्या लागतात. कोणी सिमेंट ओतले असावे असे वाटते. वाळूच्या कणांमधल्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक तयार होऊन कण एकमेकांना चिकटतात व हा खडक तयार होतो. खडक म्हटला की त्याला लाखो वर्षे लागायची, असा आपला समज असतो. पण हा किनारखडक काही दशकांतही तयार होऊ शकतो.

माशाची गिरणी

प्रवाळ म्हणजे पोवळे. एक-एक प्रवाळजीव काही मिलिमीटरांचा, नळीसारखा, मऊ आणि तोंडाभोवती स्पर्शिका असलेला असतो. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेतो आणि स्वतःखाली चुनखडीची बैठक रचत जातो. लाखो जीवांच्या बैठका एकमेकींवर चढत जाऊन प्रवाळभित्ती उभी राहते. फांद्यांसारख्या वाढणाऱ्या काही जाती वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. गोल, दगडासारख्या जाती जेमतेम एक सेंटिमीटर.

या बांधकामाला लागणारी ऊर्जा प्रवाळ स्वतः मिळवत नाही. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. प्रवाळ त्यांना आसरा आणि कार्बन डायऑक्साइड देतो; शैवाले प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा त्याला देतात. प्रवाळाच्या गरजेचे ९० टक्क्यांपर्यंत अन्न अशा रीतीने मिळू शकते. म्हणून भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ, स्वच्छ आणि उबदार पाण्यातच वाढतात. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही आणि भाडेकरू उपाशी तर घरमालकही उपाशी, अशी गत होते.

पण भित्ती म्हणजे काही वाळू नव्हे. तिची वाळू व्हायला दळण हवे. काही दळण लाटा करतात, काही भित्तीत भोके पाडणारे स्पंज व कृमी करतात. परंतु मोठा गिरणीवाला म्हणजे पोपटमासा. या माशाचे दात एकमेकांशी जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. या चोचीने तो प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतो. त्याला हवे असते ते तिथे वाढलेले शैवाल आणि सूक्ष्म जीव. पण त्यांच्याबरोबर चुनखडीही पोटात जाते. घशात आणखी एक दातांचा जोड असतो, त्यात ती दळली जाते आणि पचण्याजोगे संपल्यावर उरलेली पांढरी पूड विष्ठेतून बाहेर पडते. पाण्यात डोके घालून पाहिले तर पोपटमासे चरत असतानाचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि मधूनच एखाद्या माशामागे पांढरा धुरळा उडालेला दिसतो.

मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. मालदीवमधल्या वक्करू बेटाभोवती केलेले एक मोजमाप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या भित्तीवर दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी दळलेली होती. ज्या किनाऱ्यावर प्रवासी मोठ्या हौसेने आडवे होतात, तो बऱ्याच अंशी माशांच्या पोटातून आलेला असतो, हे वर्गात सांगितल्यास मुले धडा विसरणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

बेटाखालचा कातळ

नकाशात बंगाराम एकटे नाही. बंगाराम, तिन्नकारा आणि परळी नावाची छोटी बेटे मिळून एकाच उथळ जलाशयात बसली आहेत आणि त्या जलाशयाभोवती प्रवाळभित्तीचे कडे आहे. (या परळीचा बीड जिल्ह्यातल्या परळीशी काही संबंध नाही.) अशा रचनेला कंकणद्वीप आणि आतल्या जलाशयाला खारकच्छ म्हणतात. इंग्रजीत रूढ झालेला ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून गेला आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तिचीच महल ही बोली बोलतात. दिवेही ही भारतीय-आर्य कुळातली, म्हणजे मराठीची दूरची बहीणच.

भर समुद्रात, शेकडो मीटर खोल पाण्याच्या मधोमध, उथळ पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळाचे कडे कसे तयार झाले, हे कोडे चार्ल्स डार्विन यांनी सोडवण्याचा प्रयत्न केला. बीगल जहाजावरून प्रवास करताना १८३६ मध्ये त्यांनी हिंदी महासागरातील कोकोस बेटे पाहिली आणि १८४२ मध्ये आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. आधी समुद्रातून ज्वालामुखीचे बेट वर येते. त्याच्या कडेने प्रवाळ वाढतात. ज्वालामुखी विझल्यावर बेट हळूहळू खचू लागते. पण प्रवाळ उजेडाच्या ओढीने वरवर बांधत राहतात. शेवटी बेट बुडते आणि भोवतालचे कडे तेवढे उरते. या कल्पनेचा पडताळा यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक या कंकणद्वीपावर विंधन घेतले, तेव्हा सुमारे १,४०० मीटर खोलीपर्यंत चुनखडी लागली आणि तिच्याखाली बेसॉल्ट! डार्विन यांच्या सिद्धान्तात पुढे भरही पडली. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेल्यावर उघड्या पडलेल्या चुनखडीला पावसाने मध्यभागी खोलगट केले आणि पाणी पुन्हा चढल्यावर कडेने प्रवाळ वाढले, हीसुद्धा कंकणाकृतीची महत्त्वाची कारणे आहेत, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

आता प्रश्न असा, की लक्षद्वीप-मालदीवच्या खाली कोणता ज्वालामुखी आहे? याचे उत्तर मराठी वाचकांना घरचे वाटेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट पृथ्वीच्या प्रावरणातील एका तप्तस्थळावरून सरकत होता. त्या वेळी जो लाव्हा बाहेर आला, त्याचे थर म्हणजे आपला दख्खनचा पठारी कातळ आणि सह्याद्री. भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तस्थळ जवळजवळ जागीच राहिले. मेणबत्तीवरून कागद सरकवावा आणि काजळीची रेघ उमटावी, तशी समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उमटली. १९८७ मध्ये समुद्रतळ विंधन मोहिमेने या रांगेतून बेसॉल्टचे नमुने काढले. मालदीवजवळचा नमुना सुमारे ५.७ कोटी, तर आणखी दक्षिणेला चागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षे वयाचा निघाला. ज्या मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आहेत, ते बेट त्याच तप्तस्थळाचे, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे अपत्य. आणि शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. लक्षद्वीपच्या उत्तर भागाच्या मुळाशी भूखंडाच्या तुकड्याचाही अंश असावा, असे काही भूवैज्ञानिकांचे मत आहे. एकूण रांगेची जन्मकथा मात्र सह्याद्रीच्या कथेचाच पुढचा अध्याय आहे.

पाया कोट्यवधी वर्षांचा असला, तरी आपण जिच्यावर उभे आहोत ती वाळू अगदी अलीकडची आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा ही कंकणद्वीपे म्हणजे समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या टेकड्या होत्या. बर्फ वितळले, पाणी चढले, प्रवाळ पुन्हा वाढले आणि पातळी बरीचशी स्थिरावल्यानंतर, गेल्या काही हजार वर्षांतच, वाळू साचून बेटे तयार झाली. भूशास्त्राच्या घड्याळात हा निमिषमात्र काळ होय.

हिरवे पाणी, निळे पाणी

बोट खोल समुद्रातून खारकच्छात शिरते, तेव्हा पाण्याचा रंग रेघ मारल्यासारखा बदलतो. बाहेर गडद निळा, आत फिकट हिरवा-निळा. पाणी तेच, मग रंग दोन का?

पाणी तांबड्या प्रकाशाचे शोषण जास्त आणि निळ्याचे फार कमी करते. बाहेर खोल पाण्यात तांबडा, नारिंगी, पिवळा असे रंग क्रमाने गाळले जातात. तळापर्यंत जाऊन परत येईल असा प्रकाशच उरत नाही. पाण्याच्या रेणूंनी विखुरलेला निळा तेवढा आपल्याकडे येतो. आत दोन-चार मीटरच पाणी असते आणि खाली पांढऱ्या वाळूचा आरसा. प्रकाश तळावर आपटून लगेच परत येतो. वाटेत तांबडा बराचसा गेलेला असतो, पण हिरवा आणि निळा शाबूत असतात. म्हणून हा रंग.

कोकणातही उथळ पाणी आहे, मग तिथे हा रंग का नाही? कारण कोकणच्या नद्या गाळ आणि पोषकद्रव्ये घेऊन येतात. त्यामुळे पाणी गढुळते आणि सूक्ष्म वनस्पती भरपूर वाढतात. लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही. काचेसारखे स्वच्छ पाणी म्हणजे खरे तर जवळजवळ उपाशी पाणी. अशा वाळवंटासारख्या पाण्यात प्रवाळभित्तीसारखी जीवांची दाटी कशी, तर प्रवाळ आणि शैवाल यांच्यातल्या काटकसरीच्या देवघेवीमुळे. तिथे मिळालेले द्रव्य सहसा वाया जात नाही.

समुद्रावर तरंगणारी विहीर

बेटाच्या मधोमध वाळूत थोडे खोल खणले, की गोडे पाणी लागते. लक्षद्वीपची वस्ती शतकानुशतके अशा विहिरींवर जगली. हे पाणी फक्त पावसाचे. वाळूतून झिरपलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही. हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. या साठ्याचा आकार मध्ये जाड आणि कडेला पातळ, बहिर्गोल भिंगासारखा असतो.

गणित सोपे आहे. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची १.०२५. दोहोंतील फरक ०.०२५, म्हणजे एक चाळिसांश. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर असेल, त्याच्या चाळीस पट ते खाली गेलेले असते. हे नाते नेदरलँड्सचे घायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडले. विहिरीतले पाणी समुद्रापेक्षा १० सेंटिमीटर वर असेल, तर खाली सुमारे ४ मीटर गोडे पाणी आहे असे समजावे. प्रत्यक्षात सीमारेषा इतकी काटेकोर नसते, कारण भरती-ओहोटीबरोबर विहिरीचे पाणीही वरखाली होते आणि त्या हालचालीने थोडे मिश्रण होतेच.

याच गणिताची दुसरी बाजू भीतिदायक आहे. पंप लावून पातळी १० सेंटिमीटर खाली ओढली, तर खालून खारे पाणी कालांतराने ४ मीटर वर येऊ शकते. म्हणून अशा बेटावर बादलीने पाणी काढणे आणि पंपाने उपसणे यांत फक्त वेगाचा नव्हे, तर विहिरीच्या जगण्या-मरण्याचा फरक आहे. वाळूत सांडपाणी सोडले, तर तेही त्याच भिंगात जाते. वस्ती वाढलेल्या कवरत्तीमध्ये २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र चालू झाले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उभारलेल्या या संयंत्रात पृष्ठभागावरील कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवतात आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने वाफेचे पाणी करतात. क्षमता दिवसाला एक लाख लिटर.

परळी कुठे गेली?

आतापर्यंत आपण जमेची बाजू पाहिली. आता खर्चाची पाहू.

बेट म्हणजे एकदाच बांधलेली वस्तू नव्हे. ते चालू खाते आहे. भित्तीवर रोज नवी वाळू तयार होते, लाटा ती किनाऱ्याकडे ढकलतात. उलट प्रवाह आणि वादळे काही वाळू भित्तीच्या कडेवरून खोल समुद्रात लोटतात. ती परत येत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या लाटा वाळू बेटाच्या एका अंगाकडून दुसरीकडे नेतात, उघडीप पडली की पुष्कळशी परत येते. त्यामुळे ऑगस्टमध्ये रोडावलेली पुळण जानेवारीत पुन्हा भरलेली दिसली, तर आश्चर्य नको.

हे खाते सुरक्षित ठेवणारी तिजोरी म्हणजे भित्ती. जगभरातील मोजमापांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळभित्ती येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. अरबी समुद्राच्या पावसाळी लाटा भित्तीवर फुटतात आणि आत खारकच्छात येते ती त्यांची सावली. लक्षद्वीपची बहुतेक बेटे कड्याच्या पूर्व अंगाला आणि खारकच्छ पश्चिमेला, ही मांडणीही मोसमी लाटांनी पश्चिमेची वाळू पूर्वेकडे लोटल्याचेच चिन्ह आहे.

बंगारामच्याच कंकणद्वीपातील बेटांचे १९६८ चे नकाशे पुढच्या उपग्रहचित्रांशी ताडून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये समोर आला. परळी-१ या निर्मनुष्य बेटाचे क्षेत्रफळ १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे आठ एकर होते. आता ते शून्य आहे. शेजारच्या परळी-२ ची सुमारे ८० टक्के जमीन गेली. तिन्नकाराची सुमारे १४ टक्के, तर बंगारामची जवळपास १० टक्के जमीन कमी झाली. बोटीतून जाताना परळी-१ ची जागा कोणी दाखवली, तर तिथे पाणीच दिसते. सरकारी नोंदींतल्या लक्षद्वीपच्या ३६ बेटांतून एक वजा झाले आहे. सगळ्या बेटांचे मिळून क्षेत्रफळच सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा आठ एकरही थोडे म्हणता येणार नाहीत.

हा सारा दोष समुद्राच्या वाढत्या पातळीचा, असे म्हणून मोकळे होणे शास्त्राला धरून नाही. पातळी वाढते आहे हे खरे. अलीकडच्या काळात जागतिक सरासरी वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर. पण त्याच काळात प्रशांत महासागरातील तुवालू या देशाच्या बेटांचे मोजमाप केले, तेव्हा १९७१ ते २०१४ दरम्यान त्यांचे एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. काही बेटे आक्रसली, अधिक बेटे वाढली. याचा अर्थ असा, की वाळूचा पुरवठा चालू असेल तर बेट वाढत्या पाण्याबरोबर काही काळ तरी निभावून नेऊ शकते. कळीचा मुद्दा पाण्याइतकाच वाळूचा आहे, आणि वाळूचा मुद्दा म्हणजे जिवंत प्रवाळाचा.

तिथेच खरी काळजी आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एका अंशाने वाढले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आणि शैवाल यांचा संसार मोडतो. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. रंग शैवालांचा असल्यामुळे प्रवाळ पांढरा पडतो. यालाच प्रवाळाचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये असे मोठे आघात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये झाले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील भित्तींवर म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी दोन तपांहून जास्त काळ मोजणी केली आहे. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळाने सुमारे ३७ टक्के पृष्ठभाग व्यापला होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आले, म्हणजे जवळपास निम्मे. भित्ती प्रत्येक आघातानंतर सावरते. दोन आघातांमधला अवकाश कमी होत गेला, तर सावरण्याला वेळच उरत नाही.

मेलेला प्रवाळ लगेच नाहीसा होत नाही. पोपटमासे तो दळत राहतात, त्यामुळे काही काळ वाळू उलट वाढूही शकते. पण ही मिळकत मुद्दल मोडून आलेली असते. भित्ती झिजत गेली, की तिच्यावरचे पाणी खोल होते, लाटा न फुटता आत येतात आणि किनारा खाऊ लागतात. किनाऱ्यावर दगड किंवा काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचले, तर तेवढा भाग वाचतो. वाळू मात्र तयार होत नाही.

पोपटमाशांच्या बाबतीत लक्षद्वीपने आजवर नकळत शहाणपण केले. इथली परंपरागत मासेमारी भित्तीच्या बाहेर, खोल समुद्रात, गळाने कुप्पा (ट्यूना) पकडण्याची. त्यामुळे भित्तीवरचे मासे पुष्कळसे वाचले. अलीकडे भित्तीवरच्या माशांनाही व्यापारी मागणी वाढू लागली आहे. बाजारात गेलेला प्रत्येक पोपटमासा म्हणजे बंद पडलेली एक गिरणी, शिवाय प्रवाळावर माजणारे शैवाल खरवडणारा एक माळीही कमी.

वर्गासाठी

पुढील चार गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतील.

१. नदीची वाळू, कोकणातली वाळू, कुटलेले शिंपले आणि अंड्याचे कवच वेगवेगळ्या बश्यांत घेऊन प्रत्येकावर व्हिनेगर टाकावे. कोणते फसफसते आणि किती वेळ, याची नोंद करावी. नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवावा. चिकटणारे काळे कण बेसॉल्टमधून आलेल्या मॅग्नेटाइटचे असतात.

२. काचेच्या पेल्यात मीठ विरघळवलेले रंगीत पाणी घ्यावे आणि चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधे पाणी सोडावे. दोन थर वेगळे राहतात. मग वरच्या थरातून नळीने आधी हळू, नंतर जोरात पाणी ओढावे. रंग केव्हा वर येतो ते पाहावे. बेटावरची विहीर खारट कशी होते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

३. पसरट थाळीत पाणी घेऊन एका टोकाला वाळूचा उंचवटा करावा. दुसऱ्या टोकाने पट्टीने लाटा निर्माण कराव्यात. मग मध्ये, पाण्याच्या पातळीला जेमतेम टेकेल अशी विटेची आडवी भिंत ठेवून प्रयोग पुन्हा करावा. भिंतीची उंची एक-एक सेंटिमीटरने कमी करत गेल्यास निकाल काय येतो, याचा तक्ता मुलांना करू द्यावा.

४. एक उदाहरण सोडवायला द्यावे. एक पोपटमासा वर्षाला १०० किलो वाळू तयार करतो असे धरले आणि एक घनमीटर वाळूचे वजन सुमारे दीड टन मानले, तर एका क्रिकेट खेळपट्टीवर (२० मीटर × ३ मीटर) एक मीटर जाडीचा थर द्यायला एका माशाला किती वर्षे लागतील? उत्तर ९०० वर्षे. शंभर मासे असतील तर नऊ.

कोणी विद्यार्थी पुढेमागे प्रत्यक्ष लक्षद्वीपला गेलाच, तर त्याला तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. ओहोटीला भित्तीवरून चालू नये. पायाखाली मोडणाऱ्या हातभर फांदीला वाढायला काही वर्षे लागलेली असतात. रिकामा शंखही खिशात घालू नये; मऊ पोटाचे काही खेकडे असे शंख घर म्हणून पाठीवर वाहतात आणि वाढले की मोठे घर शोधतात. उरलेले शंख दळून वाळूच होणार असतात. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला.

आठ एकरांची परळी पन्नास वर्षांच्या आत नाहीशी झाली. ती पाहिलेली माणसे अजून हयात असतील. बंगारामच्या खात्यात किती शिल्लक राहते, हे आज शाळेत असलेल्या मुलांच्या आयुष्यातच कळेल.